पिवळा बलक बाजूला का पडला

उकडलेलं अंडं सोलायचं, सुरीने उभं चिरायचं, बलक ताटाच्या कडेला सारायचा आणि नुसता पांढरा भाग मीठ-मिरपूड लावून खायचा. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की अनेक घरांत पहिली गदा बलकावर येते. या सवयीचा माग काढत गेलं तर आपण रशियात, 1913 सालच्या एका प्रयोगशाळेत पोचतो.

सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत निकोलाय अनिच्कोव्ह आणि त्यांचे सहकारी खालातोव यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना चारलं. काही आठवड्यांतच सशांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल भरमसाट वाढलं आणि पुढे त्यांच्या महाधमनीच्या आतल्या भिंतीवर पिवळट थर दिसू लागले. नुसतं तेल दिलेल्या सशांमध्ये तसं काही झालं नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ विंडाउस यांनी 1910 मध्येच दाखवलं होतं, की माणसाच्या रोगट धमनीच्या थरांत निरोगी धमनीच्या वीसपटीहून जास्त कोलेस्टेरॉल असतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना चपखल जुळत होत्या.

तरीही वैद्यकविश्वाने या कामाकडे दीर्घकाळ काणाडोळा केला. उंदरांवर आणि कुत्र्यांवर हाच प्रयोग फसला, कारण हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर टाकतात. मग गवत खाणाऱ्या सशाला अनैसर्गिक आहार दिल्यावर झालेला रोग माणसाला कसा लावायचा, असा आक्षेप आला. आक्षेप रास्तच होता. पण त्यापायी अनिच्कोव्ह यांच्या प्रयोगातला खरा मुद्दा बाजूला राहिला: रक्तातलं कोलेस्टेरॉल, मग ते कुठूनही आलेलं असो, दीर्घकाळ चढं राहिलं तर धमनीत साठतं.

ते येतं कुठून, याचं उत्तर कॉनराड ब्लॉक आणि फेओडोर लिनेन यांच्या कामातून मिळालं. अॅसिटेटसारख्या साध्या रेणूपासून पेशी पायरीपायरीने 27 कार्बनचं कोलेस्टेरॉल घडवतात, हे त्यांनी उलगडलं. 1964 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं. त्याच्याविना पेशींचं आवरण टिकत नाही, पित्त तयार होत नाही. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं त्यापासूनच होतात. शरीरातलं सुमारे पाव कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत असतं. त्याला सरसकट विष म्हणणं म्हणूनच चूक आहे.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, त्यामुळे ते प्रथिनांनी वेढलेल्या सूक्ष्म कणांतून फिरतं. 1950 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये हे कण वेगळे केले. आज रिपोर्टवर दिसणारी एलडीएल (धमनीत कोलेस्टेरॉल साठवणारे कण) आणि एचडीएल (ते परत यकृताकडे नेणारे कण) ही विभागणी याच मार्गाने आली. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून 5,209 लोकांवर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासाने चढं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचं नातं माणसांत दाखवलं. आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ एन्सेल कीज तर सांगत होते, की माणसाच्या बाबतीत ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त (लोणी-तुपासारख्या गोठणाऱ्या) स्निग्ध पदार्थांचा परिणाम मोठा आहे. तरी 1968 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा आणि आठवड्याला तीनच बलक असा सल्ला दिला. एका बलकात साधारण 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे अंडंच डोळ्यांवर आलं. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शनातून ही आकड्याची मर्यादा 2015 च्या आवृत्तीत वगळली गेली. आपल्याकडे मात्र बलकाची धास्ती अजून ओसरलेली नाही, आणि त्याच घरात वनस्पती तुपातली खारी आणि तळण बिनघोर चालतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाला वळण लागलं ते अमेरिकेतल्या डॅलसमध्ये. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचा अभ्यास करत होते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या मुलांचं एलडीएल जन्मापासून सहा ते दहापट असतं आणि त्यांना बालपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो. निरोगी माणसाच्या त्वचेच्या पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. या मुलांच्या पेशी मात्र ते बनवतच राहत, कारण एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर त्यांच्याकडे नव्हते. 1973-74 मधल्या या शोधाला 1985 चं नोबेल मिळालं. रक्तातलं एलडीएल किती, हे मुख्यतः यकृत ते किती झपाट्याने उचलतं यावर ठरतं, हे त्यातून कळलं.

त्याच वर्षांत टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो बुरशा तपासत होते. इतर जंतूंना रोखण्यासाठी एखादी बुरशी त्यांची स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीचे रेणू) बनवण्याची प्रक्रिया बंद पाडत असेल, असा त्यांचा कयास होता. सुमारे 6,000 नमुन्यांनंतर, 1973 मध्ये, तांदळावर सापडलेल्या निळसर-हिरव्या पेनिसिलियमच्या एका बुरशीतून त्यांना कोलेस्टेरॉल बनवणं रोखणारं कॉम्पॅक्टिन मिळालं. उंदरांवर ते निष्प्रभ ठरलं आणि प्रकल्प बासनात जायची वेळ आली. तेव्हा सहकारी कितानो यांच्या मदतीने अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग झाला. अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार, हा त्यामागचा विचार. महिनाभरात कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं, अंडी देणं तसंच चालू राहिलं. स्टॅटिन औषधांची सुरुवात ही अशी झाली. त्या वर्गातलं पहिलं औषध, मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन, 1987 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. औषधाने माणसं जगतात का, ही शंका 1994 मध्ये फिटली. 4,444 हृदयरुग्णांवरच्या स्कॅन्डिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्या गटात मृत्यू 30 टक्क्यांनी घटले.

आपल्याकडेही एक धागा होता. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या (मेद वाढण्याच्या विकाराच्या) वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर सशांमध्ये काम केलं. त्यातून पुढे आलेल्या औषधाला 1986 मध्ये भारतात मंजुरीही मिळाली. पण 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढलेलं आढळलं. गुग्गुळाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचायला हवी.

2006 मध्ये डॅलसच्याच जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांच्या गटाने एक वेगळा पुरावा मांडला. पीसीएसके9 या जनुकातल्या बदलामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल इतरांपेक्षा 28 टक्क्यांनी कमी होतं. त्यांच्यात हृदयधमनीचा विकार 88 टक्क्यांनी कमी होता. उतारवयात गोळीने एलडीएल तेवढंच उतरवलं तर एवढा फायदा होत नाही. फरक पडतो तो वर्षांचा: यांची पातळी जन्मापासूनच खाली होती. चाळिशीत पहिला लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करण्याची आपली रीत त्यामुळे उशिराची ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 च्या मार्गदर्शनात ही पहिली तपासणी अठराव्या वर्षी सांगितली आहे, आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याहूनही आधी.