ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाची वजनतपासणी

ओढणारे वाहन, ट्रेलर आणि त्यांतील माणसे व सामान यांचा भार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादांत आहे की नाही, हे प्रत्यक्ष वजन करून पडताळण्याची पद्धत. वाहनाचे कमाल वजन, ट्रेलरचे कमाल वजन, दोहोंचे एकत्रित वजन, प्रत्येक आसावरील भार व जोडावरील उभा भार या मर्यादा स्वतंत्र असून एकीतील शिल्लक दुसरीत वापरता येत नाही.

ट्रेलरचा दांडा हुकावर ज्या भाराने दाबतो, त्या उभ्या भाराच्या प्रमाणाबाबत एकवाक्यता नाही. उत्तर अमेरिकेत तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे मानतात, तर यूरोपात साधारणतः ४ ते ७ टक्के पुरेसा धरतात. ट्रेलरची घडण आणि ओढण्याचा वेग यांतील फरकाने ही तफावत बरीचशी उलगडते. हा भार फार कमी असल्यास ठरावीक वेगापुढे ट्रेलरचे डावे-उजवे हेलकावे शमण्याऐवजी वाढत जातात, हे उभयपक्षी मान्य आहे. तथापि टक्केवारी योग्य असूनही जड सामान ट्रेलरच्या दोन्ही टोकांना विभागलेले असेल, तर हेलकावे आवरणे कठीण जाते. म्हणून सामान आसाजवळ व खाली ठेवण्याला टक्केवारीइतकेच महत्त्व देणे अधिक सयुक्तिक वाटते.

हुक मागील आसाच्याही मागे असल्यामुळे तरफेचा परिणाम होतो. दोन आसांतील अंतर २.८ मी. व मागील आसापासून हुक १.२ मी. असल्यास, हुकावरील १०० किग्रॅ. भाराने मागील आसावर सुमारे १४३ किग्रॅ. वाढतात आणि पुढील आसावरून सुमारे ४३ किग्रॅ. कमी होतात. पुढची चाके हलकी झाल्याने सुकाणूची पकड घटते.

वजनकाट्यावर प्रथम प्रवासी व इंधनासह केवळ वाहन तोलतात. ते २,४०० किग्रॅ. भरले आणि ट्रेलर जोडल्यावर वाहनाच्या चाकांवर २,५२० व ट्रेलरच्या चाकांवर १,०८० किग्रॅ. आले, तर उभा भार १२० आणि ट्रेलरचे वजन १,२०० किग्रॅ. ठरते. उभा भार वाहनाच्या भारक्षमतेतूनच वजा होतो.

ओढक्षमता मोजण्याच्या रीती पूर्वी उत्पादकागणिक भिन्न होत्या. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या २००८ मधील जे२८०७ या मानकाने समान कसोट्या घालून दिल्या. त्यांचा अवलंब मात्र पुढील काही वर्षांत हळूहळू झाला.