कंपनी बंद झाली की डीलर?

‘गाडी कंपनीत टाकली आहे’ असे मराठवाड्यात कोणी सांगितले, तर ती डीलरच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. खरी कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे; तिथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात आणि ऑइल बदलून घ्यायला तिथे कोणी जात नाही. डीलरला कंपनी म्हणण्याची ही सवय एरवी निरुपद्रवी असली, तरी दोघांपैकी एकाने गाशा गुंडाळला की ती गाडीमालकाच्या खिशाला लागते.

डीलर बंद होणे सर्वांच्या परिचयाचे आहे. ब्रँड चालू असेल, तर दुसऱ्या अधिकृत डीलरकडे जावे लागते. हिंगोलीकराला नांदेड गाठावे लागले, तर त्रास अंतराचा. एखादे मॉडेल बंद होणे हा तर प्रश्नच नव्हे. ब्रँड बंद होणे मात्र वेगळे: शेवरोलेची भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि एप्रिल २०२२ मध्ये डॅटसन बंद झाल्याचे जाहीर झाले, डॅटसनची मालक निसान मात्र भारतातच राहिली. अशा प्रत्येक वेळी ‘कंपनी गेली, आता वॉरंटी गेली’ अशी हाकाटी होते आणि लोक धडधाकट गाड्या मातीमोल भावाने विकून मोकळे होतात.

गाडीची मूळ वॉरंटी हे उत्पादकाचे वचन असते. डीलर भाग बदलून देतो आणि त्याचे पैसे उत्पादकाकडून वसूल करतो. तो या वचनाचा हमाल आहे, धनी नव्हे. म्हणूनच विक्री थांबवतानाही शेवरोलेची मालक जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी वॉरंटी, सर्व्हिस व सुटे भाग चालू राहतील असे जाहीर केले आणि शोरूम रिकामी झालेल्या काही डीलरांनी मागचे वर्कशॉप चालू ठेवले. याउलट डीलरने स्वतःच्या नावाने विकलेला वार्षिक देखभाल करार, त्याच्या स्वतःच्या योजनेची वाढीव वॉरंटी, त्याच्याकडे भरलेली आगाऊ रक्कम, हे सारे डीलरचे वचन असते; ब्रँड जोरात चालू असला तरी ते त्या डीलरबरोबर बुडू शकते. मी स्वतः तीन वर्षांच्या देखभाल कराराचा चेक डीलरच्या नावाने फाडला होता. एक सर्व्हिसिंग झाले आणि त्याच्या शटरला कुलूप लागले. शेजारच्या जिल्ह्यातील डीलरने नम्रपणे हात वर केले, आणि खरे सांगायचे तर त्याचे काहीच चुकले नव्हते.

‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ या शब्दाची मला विशेष चीड आहे, कारण उत्पादकाची, विमा कंपनीची आणि डीलरची अशा तिन्ही योजना याच एका नावाने, एकाच टेबलावरून विकल्या जातात. सेल्समन काय सांगतो याला किंमत नाही. प्रमाणपत्रावर जबाबदारी कोणाच्या नावाने आहे आणि पावती कोणी दिली, एवढेच वाचावे. तक्रार करायची वेळ आलीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. शोरूमच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

सुट्या भागांची भीती निम्मी खोटी आहे. फियाट पुंटोचे १.३ डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होते आणि डॅटसन रेडी-गोचा सांगाडा रेनो क्विडचाच आहे, त्यामुळे इंजिनच्या कामाला चांगला मेकॅनिक अडत नाही. अडते ते बंपर, हेडलाइट, दरवाजा आणि काचेपाशी, कारण हे भाग त्या मॉडेलखेरीज कुठेच बसत नाहीत. गाडी ठोकली गेल्यावर वर्कशॉपकडून खर्चाचा अंदाज घेताना भाग शिल्लक आहे की मागवायचा आहे, आणि मागवायचा असेल तर किती दिवसांत येईल, हे जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्यावे, आणि मगच गाडी त्यांच्या आवारात सोडावी.