ईशान्य मुंबई : स्वामींनंतर सलग दुसऱ्यांदा कोणीच नाही

ईशान्य मुंबईत शेवटचा खासदार सलग दुसऱ्यांदा निवडून आला तो १९८० साली. सुब्रमण्यम स्वामी. त्यानंतर या मतदारसंघाने गुरुदास कामतांना चारदा, किरीट सोमय्यांना दोनदा, संजय दिना पाटलांना दोनदा लोकसभेत पाठवले, पण प्रत्येक वेळी मध्ये दुसऱ्या कोणाला तरी बसवून. म्हणून निवडणूक आली की 'इथला मतदार चंचल' हे वाक्य वर्तमानपत्रांत ठरलेले असते. मला ते कधीच पटलेले नाही. मुलुंडचा मतदार काय करणार आणि गोवंडीचा काय करणार, हे इथला कुठलाही गटप्रमुख झोपेतून उठवला तरी सांगेल. बदलते ते दुसरेच काहीतरी. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबई उपनगराच्या जागेवरून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या. मुंबईच्या उपनगराचा पहिला खासदार बाई होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत चित्र बदलले होते. १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबईतली काँग्रेस डळमळली. गिरणगावच्या बाजूला कॉम्रेड डांगे दणक्यात निवडून आले. उत्तर मुंबईत मात्र काँग्रेसने व्ही. के. कृष्ण मेनन यांना उभे केले. त्याच जानेवारीत मेनन संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले होते आणि देशभर त्यांचा गाजावाजा झाला होता. गोवा मुक्तिलढ्यातले प्रजासमाजवादी नेते पीटर अल्वारिस यांना त्यांनी हरवले आणि लवकरच ते देशाचे संरक्षणमंत्री झाले.

१९६२ ची लढत देशभर गाजली. आचार्य कृपलानी बिहारची आपली जागा सोडून खास मेनन यांना पाडायला मुंबईत आले. चीनशी सीमेवर कुरबुरी चालू होत्या, आणि कृपलानींच्या प्रचारात 'चीनी हमला होते हैं, मेनन साब सोते हैं' अशी घोषणा घुमत होती. जनसंघ, स्वतंत्र पक्ष, प्रजासमाजवादी हे सगळे कृपलानींच्या मागे होते. मेननच्या बाजूला नेहरू स्वतः, कम्युनिस्ट आणि सिनेमातली मंडळी. दिलीप कुमारांनी त्यांच्यासाठी सभा घेतल्या. मेनन जवळजवळ दीड लाख मतांनी जिंकले. आठ-नऊ महिन्यांत चीनचे आक्रमण झाले आणि मंत्रिपद गेले. घोषणा देणाऱ्यांना काळाने बरोबर ठरवले, मतदारांना नाही.

तेव्हा उत्तर मुंबई म्हणजे पूर्व आणि पश्चिम दोन्ही उपनगरे. १९६७ साली तिचे तुकडे झाले, ईशान्य मुंबई वेगळी झाली आणि आजच्या मतदारसंघाची खरी कथा तिथून सुरू होते. काँग्रेसने मेनन यांचे तिकीट कापले. मुंबईत मराठी माणसाला उमेदवारी हवी, असे कारण पुढे आले, पण मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील यांच्या गटाला मेनन नकोच होते हे उघड गुपित होते. जागेवर आले स. गो. बर्वे. आयसीएस अधिकारी, पानशेत फुटल्यावर पुण्याची घडी बसवणारे म्हणून नाव झालेले, नंतर राज्यात मंत्री. मेनन अपक्ष उभे राहिले. जेमतेम आठ महिन्यांच्या शिवसेनेने बर्वेंच्या बाजूने वजन टाकले. त्या काळी सेनेचा सगळा रोख दाक्षिणात्यांवर होता आणि मेनन मल्याळी. बर्वे १३,१६९ मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत तिकडे दक्षिण मुंबईत खुद्द स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिस यांनी लोळवले, हा भाग वेगळा.

बर्वेंना खासदारकी लाभली नाही. निकालानंतर काही दिवसांतच ते गेले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांची बहीण ताराबाई सप्रे यांना उभे केले आणि मेनन पुन्हा हरले. ते पुढे बंगालमधून आणि मग केरळातून लोकसभेत गेले, मुंबईकडे परतले नाहीत. कुर्ला स्टेशनच्या पूर्वेला रिक्षावाला 'एस. जी. बर्वे मार्ग' म्हणतो, तो याच बर्वेंच्या नावाचा.

१९७१ ला इंदिरा लाटेत कामगार पुढारी राजा कुलकर्णी आले. ते तसे साजेसेच होते. विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सिएट, ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने. भोंग्यावर चालणारा हा पट्टा. आणीबाणीनंतर जनता पक्षाचे स्वामी आले. ऑगस्ट १९७६ मध्ये वॉरंट असताना राज्यसभेत प्रकट होऊन पुन्हा पसार झालेला हा माणूस मुलुंड-घाटकोपरच्या मध्यमवर्गाला भावला, तो इतका की १९८० ला देशभर इंदिरा गांधी परतल्या तरी इथे स्वामी टिकले.

१९८४ पासून पाळणा सुरू झाला. १९८४ कामत, १९८९ भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९१ कामत, १९९६ प्रमोद महाजन, १९९८ कामत, १९९९ सोमय्या, २००४ कामत. वीस वर्षांत काँग्रेस-भाजप, काँग्रेस-भाजप. महाजन निवडून आल्याबरोबर वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. या उपनगरांनी देशाला दोन संरक्षणमंत्री दिले, आणि दोघांनाही नंतर इथेच घरी बसवले!

महाजनांच्या पराभवाकडे नीट पाहायला हवे, कारण सगळी गणिते तिथे उघडी पडतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक हायवेवर उतरले, राज्य राखीव दलाने गोळीबार केला, दहा जण मेले. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. सात-आठ महिन्यांनी आलेल्या निवडणुकीत शरद पवारांनी काँग्रेस, रिपब्लिकन आणि समाजवादी पक्ष यांची मोट बांधली. दलित आणि मुस्लिम मते एकाच पारड्यात पडली आणि महाजनांसारखा तगडा उमेदवार पडला. रिपब्लिकन पक्षाचे चार नेते त्या वेळी खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. पुढच्याच वर्षी पवारांनी राष्ट्रवादी काढली, मोट सुटली आणि सोमय्या आले. मुलुंडचा मतदार तोच होता, रमाबाई नगरचाही तोच. मधल्या दीड वर्षात बदलली ती वरची जुळवाजुळव.

२००८ च्या पुनर्रचनेत चेंबूर आणि अणुशक्तीनगर दक्षिण-मध्य मुंबईत गेले. उरले मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर. मुलुंड आणि घाटकोपर पूर्व इथे गुजराती-मारवाडी मतदार मोठा, त्यामुळे भाजपचा बालेकिल्ला. भांडुप आणि विक्रोळीत कोकणातून आलेला चाळकरी, म्हाडाच्या कन्नमवारनगरातला मराठी माणूस. तो मुळात शिवसेनेचा. आणि देवनारच्या कचराडोंगराला टेकलेले शिवाजीनगर, बैंगनवाडी: मुस्लिमबहुल, २००९ पासून समाजवादी पक्षाच्या अबू आझमींचा गड.

कामत वायव्य मुंबईत सरकले, जागा राष्ट्रवादीला सुटली आणि भांडुपच्या दिना बामा पाटलांचे चिरंजीव संजय यांना तिकीट मिळाले. २००९ चा निकाल आजही नाक्यानाक्यावर सांगितला जातो. पाटील २,१३,५०५, सोमय्या २,१०,५७२, मनसेचे शिशिर शिंदे १,९५,१४८. पहिल्या आणि तिसऱ्यात वीस हजारांचेही अंतर नाही. सोमय्या पडले २,९३३ मतांनी. भांडुप-विक्रोळीच्या मराठी मतदाराने सेनेच्या सांगण्यावरून भाजपला मत देण्याऐवजी मनसेच्या इंजिनावर शिक्का मारला, आणि सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच मतदाराने भांडुप पश्चिम, विक्रोळी व घाटकोपर पश्चिम अशा तीन जागा मनसेला दिल्या.

२०१४ ला मनसेने इथे उमेदवारच दिला नाही. सोमय्या ३,१७,१२२ मतांनी आले. मोदी लाट होतीच, पण मराठी मते परत युतीत गेली नसती तर एवढा डोंगर उभा राहिला नसता. आम आदमी पक्षाकडून उभ्या राहिलेल्या मेधा पाटकरांना ७६,४५१ मते पडली.

मग २०१९. सोमय्यांना पाडायला मतदारांपर्यंत जावेच लागले नाही. २०१७ च्या पालिका निवडणुकीत त्यांनी ठाकऱ्यांवर भरपूर तोंडसुख घेतले होते. युती झाल्यावर शिवसैनिक हटून बसले, विक्रोळीचे आमदार सुनील राऊत यांनी तर त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याची भाषा केली. भाजपने शेवटच्या घटकेला मुलुंडचे नगरसेवक मनोज कोटक यांना पुढे केले आणि कोटक २,२६,४८६ मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी त्यांचेही तिकीट कापले गेले आणि मुलुंडचेच आमदार मिहीर कोटेचा आले. म्हणजे शेवटच्या दोन वेळा विद्यमान खासदाराला 'दुसरी टर्म नाही' हे त्याच्या पक्षानेच ठरवले. चंचल कोण मग?

२०२४ ला सेना फुटलेली होती. संजय दिना पाटील एव्हाना राष्ट्रवादी सोडून ठाकऱ्यांकडे आले होते. धारावीतल्या लोकांना मुलुंडमध्ये आणून वसवणार, या मुद्द्यावर खुद्द मुलुंडात अस्वस्थता होती. १३ मे रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला आणि दोनच दिवसांनी त्याच घाटकोपरात एलबीएस मार्गावर पंतप्रधानांचा रोड शो झाला. ठाकरे गटाने हा मुद्दा सोडला नाही. तरी निकाल लागला तो जुन्याच हिशेबाने: मुलुंडने कोटेचांना भक्कम आघाडी दिली, मानखुर्द-शिवाजीनगरने त्याहून मोठी आघाडी पाटलांना दिली, आणि पाटील २९,८६१ मतांनी जिंकले. ज्या मुस्लिम वस्त्यांनी सेनेला आयुष्यात मत दिले नव्हते, त्यांनी या वेळी ठाकऱ्यांच्या मशालीला दिले.

नोव्हेंबरात विधानसभा झाली तेव्हा याच सहा जागांपैकी तीन भाजपने आणि एक शिंदे सेनेने जिंकली. ठाकऱ्यांकडे फक्त विक्रोळी राहिली. शिवाजीनगर आझमींकडेच.