‘कोकणी माणूस हातावर हात ठेवून बसला’ : एक खुलासा

‘निसर्ग’ वादळानंतर कोकणातली माणसं मदतीची वाट बघत बसली, म्हणून नारळ-सुपारीच्या वाड्या (बागा) इतकी वर्षं ओसाड राहिल्या, असं सर्रास बोललं जातं. हे साफ चूक आहे.

३ जून २०२० ला वादळ रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं. वर लॉकडाऊन. तरी लोकांनी आधी कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाटा मोकळ्या केल्या आणि पाऊस घरात यायच्या आत एकमेकांच्या छपरांवर कौलं चढवली.

मग वाड्या का भरल्या नाहीत? पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, घाई चालत नाही म्हणून. श्रीवर्धनी रोठा या इथल्या सुपारीच्या जातीचं रोप वाफ्यातच वर्ष-दीड वर्ष वाढतं. लावल्यावर फळ धरायला आणखी ५ ते ७ वर्षं. शिवाय कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही, आणि जुन्या माडा-पोफळींची सावली तर वादळानंच नेली. म्हणून आधी केळ लावायची, मग तिच्या आडोशाला पोफळ. मोडक्या खोडांमध्ये हातभर उंचीची ती रोपं मी पाहिली आहेत, बुंध्याशी झावळ्यांचं आच्छादन घातलेली. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतच नाहीत. त्याला दिसते ती फक्त मोकळी जागा.