गच्चीची किल्ली न मागता सॉफ्टवेअर बांधताना

परवा अंधेरीहून भाचीचा फोन आला. ‘‘मामा, लॅबच्या मशीनवर नवं पायथॉन सोर्समधून बांधतेय. ‘मेक’ नीट झालं, ‘मेक इन्स्टॉल’ला परमिशन डिनाइड. सुडोसाठी सरांकडे अर्ज करू?’’ मी म्हटलं, अजिबात नको. (‘मेक’ मूळ कोडपासून प्रोग्रॅम बांधतो, ‘मेक इन्स्टॉल’ तो जागेवर नेऊन ठेवतो आणि सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं आज्ञा चालवणं.) सोर्समधून बांधायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतोच, हा समज फार पसरलाय आणि तो चुकीचा आहे.

कंपायलर सी भाषेतल्या फायली वाचतो आणि यंत्रभाषेतल्या फायली आपल्याच फोल्डरात लिहितो. यात कुणाची परवानगी लागत नाही. घोडं अडतं शेवटच्या कॉपीला. आपण काही सांगितलं नाही, तर ‘कॉन्फिगर’ हा बांधणीची तयारी करणारा प्रोग्रॅम ‘यूएसआर लोकल’ हे ठिकाण धरून चालतो आणि ते रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या खात्याच्या, मालकीचं असतं. प्रीफिक्स, म्हणजे कुठे बसवायचं तो पत्ता, म्हणून आपल्या होममधला (स्वतःच्या खात्याच्या जागेतला) ‘लोकल’ फोल्डर द्यायचा, की झालं. चाळीत आपल्या खोलीत फळी ठोकायला सेक्रेटरीकडे गच्चीची किल्ली कोण मागतं?

ती किल्ली महागातही पडते. 2011 साली बंबलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या आज्ञेत ‘यूएसआर’नंतर एक स्पेस चुकून जास्त पडली. रूटच्या हक्कानं चाललेल्या त्या ओळीनं लोकांचा अख्खा यूएसआर फोल्डर पुसला. साध्या वापरकर्त्याच्या नावानं ती चालली असती, तर कर्नलनं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानं, तिथेच रोखली असती.

भाचीचं पायथॉन बसलं, पण सुरक्षित जोडणी करणारं एसएसएल मॉड्यूल नाही, म्हणून नेटवरून पॅकेजं आणणारं पिप चालेना. त्याला लागणारी ओपनएसएसएल ही लायब्ररीही होममध्येच बांधली. आता प्रोग्रॅमला ही लायब्ररी सापडणार कशी? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर आधी येतो आणि लायब्रऱ्या शोधतो: ‘एलडी लायब्ररी पाथ’ या वापरकर्त्यानं ठरवलेल्या यादीमध्ये, मग प्रोग्रॅमच्याच पोटात लिहिलेल्या ‘रनपाथ’मध्ये, मग सिस्टिमच्या कॅशमध्ये, म्हणजे तयार यादीत. कॅश रूटच बदलू शकतो. पण रनपाथ लिंकिंगच्या वेळी, म्हणजे प्रोग्रॅम लायब्रऱ्यांशी जोडताना, आपण लिहितो. त्यात ‘ओरिजिन’ लिहिलं, तर पत्ता प्रोग्रॅमच्या जागेपासून मोजला जातो. अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा, लायब्ररी सापडतेच! आणि सेट-यूआयडी प्रोग्रॅम (कुणीही चालवला तरी मालकाच्या, बहुधा रूटच्या, हक्कानं चालणारा) चालवताना लोडर ‘एलडी लायब्ररी पाथ’कडे बघतच नाही. बघितलं असतं, तर कुणीही आपली लायब्ररी रूटच्या प्रोग्रॅममध्ये घुसवली असती.

‘ओपन सोर्स आहे, म्हणजे सुरक्षितच’ ही मात्र अंधश्रद्धा आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोअर) सापडलं. ते उघडणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हती, फक्त डाउनलोडच्या टारबॉलमध्ये (गठ्ठा फायलीत) होती. अँड्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन किंचित रेंगाळतंय असं जाणवलं, म्हणून ते उघडकीला आलं. अशा वेळी चेकसम, म्हणजे फायलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळूनही उपयोग नाही. फाईल प्रकाशित झाली तशीच आली, एवढंच त्यावरून कळतं.

आणि सुडो नसलं तरी ‘कॉन्फिगर’ हा प्रोग्रॅमच आहे. भाची जे वाचू शकते, ते तोही वाचू शकतो. तिच्या होममध्ये गिटच्या किल्ल्या (लॉगिनच्या गुप्त फायली) आहेत. लॅबमध्ये बबलरॅप हा प्रोग्रॅमला बंदिस्त जागेत चालवणारा प्रोग्रॅम आहे, म्हणून पुढची बांधणी तिनं त्यातच करायची ठरवली आहे: नेट बंद, आणि होममधला फक्त सोर्सचा फोल्डर दिसेल अशी.