सीमाभागातली खपली: तांबेऱ्यापासून बुटक्या वाणांपर्यंत

अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात गहू म्हणजे दोन पिकं: काळ्या रानातला कोरडवाहू बन्शी आणि ओलिताखालची खपली, म्हणजे दाणा टरफलात घट्ट अडकलेला गहू. कन्नड शेजारी तिला सदक म्हणतात. पूर्वी ती उखळात कांडून मग खिरीला लागायची.

खपली तगली ती आधी तांबेऱ्यामुळे, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगामुळे, चव नंतर. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर वर सरकतात, म्हणून हा रोग कर्नाटकात लवकर पोचतो. बाकीचा गहू करपला तरी खपली उभी राहायची. हा गुण परदेशातही हेरला गेला. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी 1920च्या दशकात अमेरिकेत जे बारा गहू ठरले, त्यांत एक खपली होता, याच नावाने.

पुढचा बदल पाण्याने केला. घटप्रभा नदीवरचा धुपदाळचा बंधारा 1897चा, त्याच नदीवरचं हिडकल धरण 1977 साली पुरं झालं. पाटाच्या पाण्याने ऊस वाढला. त्यात 1960च्या दशकाअखेर कल्याणसोना, सोनालिका हे बुटके, जादा उताऱ्याचे गहू आले, रेशनवर उत्तरेचा गहू आला, आणि खपली सणावारापुरती उरली.

वाद आहे तो बुटक्या खपलीवरून. जुनी खपली उंच. खत-पाणी वाढवलं की लोळायची. म्हणून धारवाडकडे बन्शीच्या जातकुळीतल्या ठेंगण्या गव्हाशी संकर करून डीडीके 1009सारखे वाण काढले गेले. दोन्हींची गुणसूत्रं 28च, त्यामुळे संकर जमतो. 'मग ही खपली कसली?' असं विचारणारे शहरातले ग्राहक जास्त. लोळलेलं पीक वाकून वाकून ज्याने कापलंय, तो असं विचारताना फारसा दिसत नाही. दाणा आजही टरफलातच अडकून येतो, हे तरी मान्य करायला हवं. उलट 'खपलीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं' हा प्रचार साफ खोटा आहे, आणि त्यावर मात्र कुणी भांडत नाही.

मधुमेहाच्या धास्तीने आता पुण्या-मुंबईतून मागणी वाढली आहे. पण साध्या मळणी यंत्रात टरफल निघत नाही, त्यासाठी वेगळी गिरणी लागते. शेतकरी टरफलासकट पोती देतो. चढा भाव मिळतो तो सोललेल्या दाण्याला, आणि तो गिरणीवाल्याच्या पदरात पडतो.