एकाच व्हॅनिलाचे २९ भाव

१९९७ च्या सुमारास नेस्लेच्या अमेरिकेतल्या कंपनीने स्वतःचाच कारभार तपासायला घेतला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट हाती लागली. एकाच पुरवठादाराकडून व्हॅनिला घेताना कंपनी तब्बल २९ वेगवेगळे भाव मोजत होती. प्रत्येक विभाग आणि प्रत्येक कारखाना व्हॅनिलाची नोंद आपापल्या नावाने, आपापल्या कोडने करत असे. त्यामुळे सगळे मिळून वर्षाला किती व्हॅनिला घेतात, हे संगणकाला विचारूनही कळत नव्हतं. आणि एकूण खरेदीच ठाऊक नसेल, तर घाऊक भाव मागायचा कशाच्या जोरावर?

माल, ग्राहक, पुरवठादार यांच्या या मूळ नोंदींना आयटीतले लोक ‘मास्टर डेटा’ म्हणतात. विषय रुक्ष वाटतो आणि बहुतेक संचालक तो खालच्या माणसांवर सोडून मोकळे होतात. पण बहुराष्ट्रीय कंपनीचं धोरण प्रत्यक्षात उतरतं की कागदावर राहतं, हे बऱ्याचदा इथेच ठरतं. नेस्लेच्या अमेरिकी कंपनीला वेगवेगळे ब्रँड एका छत्राखाली आणून ‘एक नेस्ले’ म्हणून चालायचं होतं. तिच्या संगणकांत मात्र सामान्य खतावण्याच ९ होत्या. म्हणजे धोरण एक आणि हिशेबाच्या वह्या नऊ.

उपाय म्हणून सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीची ईआरपी प्रणाली बसवायचं ठरलं. खरेदी, विक्री, हिशेब, साठा या सगळ्यांना एकाच माहितीवर चालवणारं हे सॉफ्टवेअर. त्यात ‘वायटूके’ची, म्हणजे सन २००० उजाडताच जुने संगणक तारखा चुकवतील या धास्तीची, मुदत डोक्यावर होती. नियोजनाच्या गटात ५० वरिष्ठ अधिकारी आणि आयटीचे १० जण होते, पण ज्यांचं रोजचं काम बदलणार होतं, त्यांच्यातलं कुणी नव्हतं. मुदत गाठायच्या घाईत प्रणालीचं एकेक मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाचा भाग, बसत गेलं आणि त्यांना आपसांत जोडायचं काम मागे पडलं. परिणाम कसा दिसला पाहा. विक्री प्रतिनिधी एखाद्या ग्राहकाला सवलत देई आणि ती नव्या प्रणालीत नोंदवी. वसुली विभागाला ती नोंद दिसतच नसे. ग्राहक सवलत वजा करून पूर्ण पैसे भरे आणि वसुलीच्या पडद्यावर त्याचं बिल अर्धवट भरलेलं दिसे. म्हटलं तर प्रत्येक खात्याचं संगणकीकरण झालेलं होतं! जून २००० मध्ये काम थांबवावं लागलं. त्यानंतर आधी व्यवसायाला काय हवं ते ठरवून नव्याने आखणी झाली आणि प्रकल्प मार्गी लागला.

अमेरिकेत काम थांबलं त्याच महिन्यात, जून २००० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या मूळ नेस्लेने सॅपशी सुमारे २० कोटी डॉलरचा करार केला. ‘ग्लोब’ नावाच्या या जागतिक प्रकल्पाचं नेतृत्व दिलं क्रिस जॉन्सन यांना. ते आयटीतले नव्हते, व्यवसाय सांभाळणारे अधिकारी होते. मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच वाटतो. सगळीकडे काय एकसारखं हवं आणि कुठे काय वेगळं राहू द्यायचं, हा प्रश्न प्रोग्रामरने सोडवायचा नसतोच. कामाची पद्धत, माहितीचे कोड आणि संगणकप्रणाली या तीन गोष्टी जगभर समान करायच्या, असं तिथे ठरलं. चव मात्र त्या त्या देशाची. गोव्यात फोंडा आणि डिचोलीला नेस्लेचे कारखाने आहेत. इथल्या मॅगीचा मसाला इथल्या जिभेलाच रुचायला हवा, त्यात स्वित्झर्लंडची बरोबरी साधून काय मिळणार?

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संशोधक जीन रॉस आणि पीटर वाइल यांनी हीच निवड दोन प्रश्नांत मांडली आहे. वेगवेगळ्या शाखांचं काम किती एकाच पद्धतीने व्हायला हवं? आणि त्यांनी एकमेकांची माहिती किती वापरायला हवी? दोन्हींचं उत्तर ‘भरपूर’ असेल तर सबंध कंपनीला एकच प्रणाली शोभते. दोन्हींचं ‘फारसं नाही’ असेल, तर तीच प्रणाली नुसता खर्च वाढवते. उत्तर आधी, खरेदी मागाहून, हा क्रम त्यात महत्त्वाचा. हिंजवडीत बसून परदेशी कंपन्यांच्या प्रणाली उभारणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींना हा क्रम उलटला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. धोरणातली रिकामी जागा शेवटी त्यांनाच भरावी लागते आणि बिघडलं तर बोलही त्यांनाच.

जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीची अडचण वेगळी होती. २०११ मध्ये तिनेही सॅपवर आधारित नवी प्रणाली उभारायला घेतली. लिडल आपल्या साठ्याची किंमत खरेदीच्या भावाने धरते. सॅपची तयार पद्धत विक्रीच्या भावाने धरणारी. कंपनीला आपली पद्धत सोडायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरच बदलत नेलं. एका बदलामुळे दुसरा करावा लागला, गुंतागुंत वाढत गेली. ऑस्ट्रिया, उत्तर आयर्लंड आणि अमेरिकेतल्या दुकानांत प्रणाली सुरूही झाली होती. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, लिडलने प्रकल्प गुंडाळला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. कंपनी पुन्हा आपल्या जुन्या, घरच्या प्रणालीकडे वळली. साठ्याचा भाव कोणता धरायचा आणि त्यासाठी किती किंमत मोजायची, हा प्रश्न मात्र पहिल्या वर्षीही विचारता आला असता.